कलिंगडासाठी मल्चिंग पेपरचं अनुदान: आधी पूर्वसंमती, मगच खरेदी

कलिंगडाची लागण जानेवारीत धरायची असेल, तर मल्चिंगचा, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिक फिल्मच्या अनुदानाचा अर्ज दिवाळीच्या आधीच गेलेला बरा. आमच्या शेजारच्या काकांनी घाईत रोल आणले, बेडवर अंथरून रोपंही लावली. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीआधी मिळणाऱ्या सरकारी मंजुरीच्या, आधीची निघाली आणि अनुदान हातचं गेलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मल्चिंगला मंजूर मापदंडाच्या (सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या) 50 टक्के अनुदान मिळतं, तेही जास्तीत जास्त 2 हेक्टरपर्यंत. सातबारा नावावर असलेला शेतकरी अर्ज करू शकतो. गट, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही लाभ आहे.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच भरायचा, त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक हवा. सोडत आता नाही, आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी. निवडीचा मेसेज नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, तेव्हा जुनं सिम बंद असेल तर नंबर आधी बदलून घ्या. मग सातबारा, आठ-अ, कोटेशन आणि लागू असल्यास जातीचा दाखला अपलोड करायचा. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र जोडा. पूर्वसंमती आली की खरेदी, पक्कं जीएसटी बिल आणि शेवटी कृषी खात्याची मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. दोन-तीन बँकांत खाती असतील, तर आधार नेमका कुठे जोडलाय ते बँकेत विचारून घ्या.

पेपर घेताना जाडी बघा. तीन-चार महिन्यांच्या पिकाला 25 मायक्रॉनची फिल्म धरली आहे. बाजारात त्याहून पातळ रोल स्वस्तात मिळतात, पण ते तपासणीत अडकू शकतात. चंदेरी बाजू वर, काळी खाली. ठिबकचा अर्ज वेगळा असतो. त्यात केंद्राच्या योजनेतून अनुदान अल्प व अत्यल्पभूधारकांना 55 आणि इतरांना 45 टक्के आहे, वर राज्याचं पूरक अनुदानही मिळतं.

पूर्वसंमतीची वाट बघताना माती तपासून घ्या. शेतात चार-पाच ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडून एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात न्यायची. पुढे वेल अचानक सुकायला लागले, तर मुळासकट उपटलेला ताजा वेल त्याच केंद्रात दाखवा; नुसत्या फोटोवरून मर रोग की पाण्याचा ताण, हे ठरवणं अवघड. जाणं जमत नसेल तर किसान कॉल सेंटर आहे: 1800-180-1551.