पऱ्हाटीच्या पानाखाली चाललेली झुंज

श्रावणातली झड उघडली आणि आभाळ नुसतं भरून राहिलं की परभणी-नांदेडकडच्या शिवारात एकच बोलणं ऐकू येतं, "पऱ्हाटीवर चिकटा पडला." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. लगेच पाठीवर फवारणीचा पंप चढतो. त्याआधी एक पान उलटं करून नीट बघावं, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तिथे मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीकशी कीड, बसलेला असतो. त्याची सोंड केसाहून बारीक. ती पेशी फोडत सुटत नाही. दोन पेशींच्या मधून वाट काढत अन्नरसाच्या नळीपर्यंत जाते. मावा दोन प्रकारची लाळ सोडतो. एक लगेच घट्ट होते आणि तिचं सोंडेभोवती अस्तर बनतं. दुसरी पातळ, ती थेट नळीत जाते. नळीला भोक पडलं की आत कॅल्शियम शिरतं, आणि तेवढ्या इशाऱ्यावर झाड नळी बुजवायला घेतं. काही जातींच्या माव्याच्या पातळ लाळेतली प्रथिनं नेमकं हेच कॅल्शियम धरून ठेवतात. नळी उघडी राहते आणि आतल्या दाबाने रस आपसूक वर चढतो.

या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्लं थोडी. म्हणून मावा खूप रस पितो आणि जास्तीची साखर बाहेर टाकतो. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाला ऊन मिळेनासं होतं. युरिया जास्त झाला की रसातली अमिनो आम्लं वाढतात, आणि त्याबरोबर मावाही.

पांढरी माशी आणखी बेरकी. अळीने पान कुरतडलं की झाडात जास्मोनिक आम्लाची बचावाची यंत्रणा जागी होते. पांढरी माशी मात्र सॅलिसिलिक आम्लाची यंत्रणा चेतवते, आणि तिच्यामुळे पहिली दबते. २०२१ साली तर असं उघड झालं की झाडाचं विष निकामी करणारा एक जनुक या माशीने पूर्वी कधीतरी वनस्पतीकडूनच मिळवला आहे.

२००२ साली आलेलं बीटी बियाणं बोंडअळीसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडींवर ते चालत नाही. तुडतुडे हीही रस शोषणारीच कीड. त्यांना पानावरची दाट लव अडवते, पण तीच लव पांढऱ्या माशीला मानवते. सगळ्या किडींना पुरेल असं एकच वाण म्हणूनच अवघड.

कपाशीच्या पानाच्या मागे, मधल्या शिरेवर एक बारीकसा खळगा असतो. त्यातून मधुरस पाझरतो आणि किडींवर जगणारे मित्रकीटक तो खायला येतात. दर पानाला सरासरी दहा मावा किंवा दोन-तीन तुडतुडे दिसेपर्यंत फवारणी थांबवता येते. सुरुवातीलाच जहाल औषध मारलं तर ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटकच आधी मरतात, आणि मावा चार-आठ दिवसांत पुन्हा पानावर दिसतो.