पानिपत : गावाचं नाव, दुःखाचा शब्द

निवडणुकीत एखाद्या पक्षाचा धुव्वा उडाला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘पानिपत’ हमखास असतं. खरं तर हरियाणातलं ते एक गाव. १५२६ आणि १५५६ सालीही तिथे मोठ्या लढाया झाल्या, पण मराठीत ‘पानिपत झालं’ म्हटलं की मनात येतं ते १४ जानेवारी १७६१ चं, अब्दालीशी झालेलं. शब्द सर्वनाशाचा, पण त्याच्या तळाशी सुतक आहे.

ही बातमी दक्षिणेत आली तीही आडपडद्याने. सावकारी पत्रात मजकूर होता तो दोन मोत्यं गळाल्याचा, मोहोरा हरवल्याचा आणि खुर्दा किती गेला त्याला गणतीच नसल्याचा. मोत्यं म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव. खुर्दा म्हणजे नावं न उरलेली साधी माणसं. मला सगळ्यात जास्त लागतो तो हाच शब्द. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

‘विश्वास गेला पानिपतात’ ही म्हण घरोघरी आहे. बुडालेल्या उधारीबद्दल बोलतानाही ती सहज तोंडी येते. त्यातला विश्वास हा कुणाचा तरी मुलगा होता, हे बोलताना जाणवत नाही.

‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचारही पानिपतावरून आला असं सांगतात, कारण लढाई संक्रांतीला झाली म्हणे. हे मात्र पटत नाही. संक्रांतीची तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. म्हणजे त्याच्या शंभर वर्षं आधी, १४ जानेवारीला, संक्रांत होऊन गेलेली होती.

‘भाऊगर्दी’चं नातं मात्र खरं आहे. आज आपण उमेदवारांची भाऊगर्दी म्हणतो ती नुसत्या झुंबडीच्या अर्थाने. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ, आणि जुन्या मराठीत ‘गर्दीस मिळणे’ म्हणजे धुळीला मिळणे, नष्ट होणे. भाऊंची गर्दी म्हणजे भाऊंच्या फौजेची वाताहत.

भाऊ गेले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कधीच मानलं नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याला मारलंही गेलं. पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या, कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून.