‘ध्यान’ म्हणजे नेमके काय मोजायचे?

बडोद्यातल्या विद्यार्थ्यांवर ध्यानवर्गाचा परिणाम मोजायचा, तर आधी काही अडचणी पाहाव्या लागतात. १९०७ चे सुरतेचे काँग्रेस अधिवेशन उधळल्यानंतर बडोदा कॉलेजचे माजी प्राध्यापक अरविंद घोष यांना विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने बडोद्यातच तीन दिवस ध्यानाला बसवले, हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. ध्यानाचे मोजमाप सुरू झाले ते बरेच नंतर, १९७० च्या सुमारास अमेरिकेत: प्राणवायूचा खप, नाडी, त्वचेचा विद्युतरोध. १९७९ मध्ये तिथल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात ‘माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन’ या ध्यानवर्गाचा आठ आठवड्यांचा साचा बसला. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस, घरी रोज ४५ मिनिटे. तो जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी होता. विद्यार्थ्यांसाठी तो बहुधा आखूड करतात आणि नाव मात्र तेच ठेवतात.

खरा घोळ शब्दाचा. मराठीत ‘ध्यानात ठेव’ म्हणजे विसरू नको, आणि ‘काय ध्यान आहे!’ ही तर चेष्टाच. गुजरातीत ‘ध्यान राखजे’ म्हणजे काळजी घे. बडोद्यातला विद्यार्थी दोन्ही ऐकत वाढतो. प्रश्नावलीत ‘तुमचे ध्यान किती वेळा हटते?’ असे विचारले, तर तो आसनावरच्या नव्हे, लेक्चरमधल्या अनुभवाने उत्तर देतो. म्हणून ‘माइंडफुलनेस’साठी ‘सजगता’ घ्यावी, तर तो शब्द घरात कोणी बोलत नाही. ‘लक्ष’ हाच त्यातल्या त्यात बरा.

हे लक्ष मोजायला सर्रास वापरली जाणारी ३९ विधानांची प्रश्नावली २००६ ची. तिच्यातली बरीच विधाने उलट गुणांची आहेत, म्हणजे होकाराला कमी गुण. ‘मी लक्ष न देता कामे उरकतो’ यापुढे ‘कधीच नाही’ असा पर्याय आला की दोन नकारांत मुले अडखळतात, आणि लक्षपूर्वक वागण्याच्या नेमक्या त्याच पैलूचे गुण बिघडतात. म्हणून प्रश्नावली मराठीत आणण्याची रीत अशी: दोघांनी स्वतंत्र भाषांतर, तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत नेणे, मग आठ-दहा मुलांकडून ‘यातून काय समजलात?’ हे वदवून घेणे. यातली शेवटची पायरीच वेळेअभावी गाळतात.

केंब्रिजच्या ६१६ विद्यार्थ्यांच्या चाचणीत परीक्षेच्या काळात चिंताजनक ताण असलेले ध्यानवर्गातल्यांत ३७ टक्के होते, इतरांत ५७. पण आपण कोणत्या गटात आहोत हे मुलांना माहीत होते, आणि उत्तरेही त्यांचीच. केवळ प्रतीक्षायादीतल्या, म्हणजे अजून वर्ग न मिळालेल्या मुलांशी तुलना केली तर गुण ध्यानाचा की आठवड्याला कोणीतरी आपुलकीने विचारपूस करण्याचा, हे सुटत नाही. तितक्याच तासांचा अभ्यासकौशल्याचा वर्ग समोर ठेवावा.

आणि वेळापत्रक. ऑगस्टअखेर सुरू केलेल्या वर्गात नवरात्र येतेच. नऊ रात्री गरबा खेळून आलेल्या मुलांची मोजणी त्याच आठवड्यात केली तर आकडे झोपेचे येतात.