वर्गातली दादागिरी : लक्ष बघ्यांकडे कसं वळलं

विदर्भातल्या लहान खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुधा चार वर्ग आणि दोन गुरुजी. शिक्षण हक्क कायद्यातही 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरलेत. गुरुजी चौथीला गणितं घालून पहिलीकडे वळले, की खिचडीच्या रांगेतली ढकलाढकली, लपवलेलं दप्तर, कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या पोराची नक्कल हे सगळं फक्त पोरांनाच दिसतं.

‘पोट्टे आहेत, चालतेच’ ही समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. नॉर्वेतही तेच म्हणायचे. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी 1970च्या दशकात या छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला, पण नॉर्वेचं सरकार हललं ते 1982च्या अखेरीस तीन मुलांनी जीव दिल्यावर. 1983मध्ये देशभर शाळांत मोहीम निघाली. पुढे 1996मध्ये फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की छळ दोघांपुरता नसतो : कुणी साथ देतो, कुणी हसून चेव आणतो, कुणी अंग काढून घेतो आणि कुणी पाठीशी उभा राहतो. त्यावरून आलेल्या ‘किवा’ या शाळेतल्या छळविरोधी कार्यक्रमाचा भर म्हणूनच बघणाऱ्या मुलांवर आहे.

आपल्याकडे कायद्याची नजर आधी दुसरीकडे गेली. महाराष्ट्राचा 1999चा रॅगिंगबंदी कायदा प्रामुख्यानं कॉलेजांसाठी ओळखला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17नं मारणं आणि मानसिक छळ बंद केला, पण त्याचा रोख शिक्षकांवर. सीबीएसईनं 2015मध्ये सूचना काढल्या. त्या तिच्या शाळांना. पोरांनी पोरांना छळण्याचा प्रश्न खेड्यात गुरुजींच्या स्वभावावरच राहिला. 2009मध्ये बीडच्या जिल्हा परिषद शाळांतून सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ या मूल्यशिक्षणाच्या उपक्रमानं जोडीतलं, गटातलं काम आणलं, एवढा एक धागा हाताशी आहे.

शहरी पुस्तकातलं ‘ठामपणे नाही म्हण’ मात्र इथं अर्धंच लागू पडतं. दादागिरी करणाऱ्याच्या बापाच्या वावरात त्रास सोसणाऱ्याची माय निंदणाला जात असेल, तर त्या पोरानं एकट्यानं काय म्हणायचं? त्यापेक्षा चौघांनी त्याला आपल्या खेळात ओढणं आणि चुगलखोर म्हणवून घ्यायची भीती सोडून मिळून गुरुजींकडे जाणं जमण्यासारखं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात खरे, पण तिथंही तीच दोन घरं समोरासमोर येतात. त्यामुळे परिपाठात नाव न घेता असाच एखादा प्रसंग पोरांकडून नाटकासारखा करवून घेणं सोपं पडतं.