मिल बास्टर्ड आणि फ्लॅट बास्टर्ड या दोन वेगळ्या कानशी आहेत

"बारा इंची बास्टर्ड कानस आणली, केव्हाचा घासतोय, बेव्हल काही उतरत नाही." बेव्हल म्हणजे पात्याचा धारेकडे निमुळता होत जाणारा उतार. सुरी बनवायला नव्याने लागलेल्यांची ही तक्रार ऐकून कान किटले, आणि कानस हातात घेऊन बघितली की बहुतेक वेळा ती मिल बास्टर्ड निघते. अरे, बास्टर्ड हा फक्त खरबरीतपणाचा दर्जा आहे, रफ आणि सेकंड कटच्या मधला. दात कसे पाडलेत हे त्यातून कळतच नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

मिल जरा पातळ, फ्लॅट जरा जाड, ते सोडून द्या. दात बघा. मिलवर नुसत्या तिरक्या समांतर रेघा असतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड, म्हणजे प्रत्येक दात ही एक लांब सलग धार, रंध्याच्या पात्यासारखी, ती पातळ पापुद्रा काढते आणि मागे पृष्ठभाग साफ सोडते, पण तुमचा जोर त्या अख्ख्या लांबीवर वाटला जातो म्हणून ती खोल जात नाही. फ्लॅटवर त्याच रेघांना छेदून दुसऱ्या दिशेने आणखी रेघा मारलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक ओळीचे तुकडे होऊन बारीक टोकदार दात तयार होतात. ते कमी जोरात आत घुसतात, लोखंड भराभर निघतं, आणि बदल्यात चरे पडतात. पडू देत, त्या टप्प्यावर काही बिघडत नाही.

म्हणून बेव्हल उतरवायला माझ्या मते दहा किंवा बारा इंची फ्लॅट बास्टर्डच, दुसरं काही नको. धारेच्या बाजूला अर्धा ते एक मिमी जाडी राहिली की थांबायचं, ती पाणी देताना, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करताना लागते, नाहीतर पातळ कड वाकडी होते किंवा तडकते. आणि इथून पुढे मिल. कानस पात्यावर आडवी धरायची, दोन्ही हातांनी पात्याच्या लांबीत ओढायची, म्हणजे ड्रॉ फायलिंग. कापत नसेल तर मूठ दुसऱ्या हातात घ्या, या पद्धतीत दात एकाच दिशेने कापतात.

हेच ड्रॉ फायलिंग लोक फ्लॅटने करतात आणि मग सँडपेपरवर दिवस घालवतात, ते बघवत नाही. आता मिल वापरूनही पात्यावर अचानक एकच खोल ओरखडा उठला तर दर्जाला दोष देऊ नका, कानस उजेडात तिरकी धरा, दोन दातांच्या मध्ये किसाचा एक चकचकीत कण रुतलेला दिसेल. पितळी पट्टीचं टोक दातांच्या रेघेतून सरकवलं की तो बाहेर येतो. आधीच खडू घासून ठेवला तर कीस मुळात कमी अडकतो.

लांबीचंही ध्यानात ठेवा, एकाच दर्जाची कानस जितकी लांब तितके दात मोठे, त्यामुळे सहा इंची बास्टर्ड आणि बारा इंची बास्टर्ड यांचं काम सारखं होणार नाही. आणि हे सगळं नरम स्टीलवर बरं का, पाणी दिलेल्या पात्यावर कानस नुसती घसरते आणि दात कायमचे बोथट होतात.

राहिला बेव्हल जिथे संपतो तो कोपरा. तिथे फ्लॅट घालू नका, तिच्या दोन्ही कडांना दात असतात, कोपरा खाल्ला जातो. हँड फाइल घ्या, तिची एक कड बिनदातांची असते, ती कड कोपऱ्याकडे ठेवून घासा.