लाळेचा पीएच आणि लाळेची ताकद

जिभेवर कागदाची पट्टी टेकवायची, रंग दाखवायचा आणि ‘तुमच्या शरीरात ॲसिड वाढलंय’ असं म्हणून अल्कलाइन पाण्याची बाटली गळ्यात मारायची. शिवाजी पार्कला सकाळी फिरायला येणाऱ्यांपुढे हा प्रकार चालताना पाहिला आणि राग आला. ती पट्टी फक्त लाळेचा त्या क्षणाचा पीएच सांगते, म्हणजे आम्लतेचं माप: आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. दातांच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे: आम्ल आलं तर ही लाळ ते किती पचवेल? यालाच बफर क्षमता म्हणतात.

गोड चहा प्यायला की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत साखरेचं आम्ल करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ हळूहळू परिस्थिती सावरते. ऑफिसात दर तासाला कटिंग मागवणाऱ्याच्या दातांना तेवढी उसंतच मिळत नाही.

लाळ सावरते कशी, हा भाग मला फार आवडतो. लाळेतलं बायकार्बोनेट आम्लातला हायड्रोजन आयन पकडतं आणि कार्बोनिक आम्ल बनतं. त्याचं लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. हे काम वेगाने उरकणारं कार्बोनिक ॲनहायड्रेज हे विकरही (एन्झाइम) लाळेतच असतं. मग तो वायू तोंडातून उडून जातो, त्यामुळे अभिक्रिया मागे फिरत नाही, पुढेच सरकत राहते. आणखी एक गंमत: लाळ जितकी जोरात सुटते, तितकं तिच्यातलं बायकार्बोनेटचं प्रमाणही वाढतं. चावताना ते स्वस्थ बसलेल्या वेळेपेक्षा कित्येक पट असतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्री ब्रश केल्यावर खाल्लेला पेढा सर्वांत वाईट.

ही क्षमता मोजायची रीत स्वीडनच्या इंग्वे एरिक्सन यांनी १९५९ मध्ये मांडली. १ मिलिलिटर लाळेत ०.००५ मोलर, म्हणजे अगदी सौम्य, हायड्रोक्लोरिक आम्ल ३ मिलिलिटर घालायचं, कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ द्यायचा आणि उरलेला पीएच पाहायचा. चावून सुटलेल्या लाळेत तो ६ च्या वर राहिला तर उत्तम, ४ च्या खाली घसरला तर लाळ कमकुवत. दवाखान्यात याचीच सोपी आवृत्ती चालते. पॅराफिन मेण पाच मिनिटं चघळायला देतात, लाळ मापाच्या नळीत जमवतात, म्हणजे ती किती सुटते तेही कळतं. मग आम्ल सुकवलेल्या पट्टीवर एक थेंब. पाच मिनिटांनी निळा रंग आला तर ताकद चांगली, हिरवा मध्यम, पिवळा कमी.

एवढ्यावरून कीड लागेलच असं भाकीत करता येत नाही. खाणं, फ्लोराइड, जंतू हेही पाहावं लागतं. पण ज्यांचे दात भरूनही पुन्हा पुन्हा किडतात, ज्यांनी तोंड-घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलंय, ज्यांचं तोंड ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांनी कोरडं पडतं, त्यांची ही तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. पट्टी पिवळी आली तर फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप), साखर नसलेलं च्युइंगम आणि दोन खाण्यांमध्ये मोठं अंतर, असे उपाय दंतवैद्य सुचवतात. अल्कलाइन पाणी त्यात नसतं, कारण त्या पाण्यात आम्ल पचवण्याची ताकद फार थोडी असते आणि ते दोन घोटांत पोटात जातं.