किशोरवयातील म्युझिक व्हिडिओंची ओढ (बेळगाव सीमाभाग)

शाळा-कॉलेजच्या वयात टीव्हीवर पाहिलेल्या पॉप आणि रॉक गाण्यांच्या व्हिडिओंबद्दल मध्यमवयात वाटणारी ओढ. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषकांत ती मुख्यतः 1990 च्या दशकात आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत वयात आलेल्या पिढीत आढळते. अशी ओढ सगळीकडच्या माणसांना असते. सीमाभागात मात्र तिच्यात एक गोष्ट जास्तीची आहे. जिथे दुकानाची पाटी, बसचा फलक आणि शाळेचे माध्यम या प्रत्येकाला भाषेची बाजू होती, तिथे ही गाणी कुणाच्याच बाजूची नव्हती. म्हणूनच ती सगळ्यांची होऊ शकली.

अमेरिकेत एमटीव्ही 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाले; आपल्याकडे ते पोचायला दहा वर्षे गेली. 1991 मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीचे प्रक्षेपण एशियासॅट-1 या उपग्रहावरून सुरू झाले आणि त्याच्यासोबत एमटीव्ही एशिया आले. 1994 मध्ये एमटीव्ही स्टारपासून वेगळे झाले, त्याच्या जागी चॅनल व्ही आले. 1996 मध्ये एमटीव्ही इंडिया सुरू झाले. बेळगावच्या गल्लीत मात्र या सगळ्या घडामोडी केबलवाल्याच्या हाती होत्या. जुन्या टीव्हीत आठ-बारा चॅनलांचीच सोय असे, त्यात क्रीडा, बातम्या आणि हिंदी मालिका आधी बसत. गाण्यांचे चॅनल राहणार की जाणार, हे तोच ठरवी. टिळकवाडी, शहापूर, कॅम्प या भागांत केबल आधी फिरली. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत दूरदर्शनवरच भागवावे लागे, त्यामुळे तिथल्या समवयस्कांच्या आठवणींत ‘चित्रहार’ जास्त आणि रॉक जवळजवळ नाही. या पिढीबद्दल बोलताना शहराची आठवण साऱ्या तालुक्यांच्या नावावर खपवली जाते, ते बरोबर नाही.

पाहण्याची रीत ठरलेली होती. घरात टीव्ही एकच, तोही बाहेरच्या खोलीत. वडील घरी नसताना, आवाज बारीक ठेवून गाणी पाहिली जात. पाहिजे ते गाणे हवे तेव्हा लावण्याची सोय नव्हती. ते लागेल तेव्हा पाहायचे. गन्स अँड रोझेसचा 1992 चा ‘नोव्हेंबर रेन’ सुमारे नऊ मिनिटांचा, आणि तो मधूनच सापडला तर सुरुवात कशी आहे हे कळायला पुन्हा किती दिवस थांबावे लागेल याचा नेम नसे. शेजारच्या घरातून हाक यायची, ‘लवकर ये गा, लागलंय बघ ते!’ आणि जेवण अर्धे टाकून पोरे पळत. इंग्रजी शब्द जसे ऐकू येतील तसे देवनागरीत वहीत उतरवले जात. कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी देऊन साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट ‘भरून’ घेण्याचा रिवाज होता. एकाच्या भरून आणलेल्या कॅसेटवरून अख्खा वर्ग आपापली कॅसेट भरून घेई.

मुलींना हे सारे कमी मिळाले. सायंकाळी दुसऱ्याच्या घरी टीव्हीसमोर बसणे त्यांना सहसा शक्य नसे, आणि आठवणी सांगायची वेळ आली की आजही गिटारवाल्या मुलांचेच किस्से पुढे येतात. फाल्गुनी पाठक यांच्या 1998-99 च्या व्हिडिओंना या भागातल्या बायका इतक्या जीव लावून का आठवतात, याचे एक कारण इथे आहे. त्यांच्या गोष्टी मुलींच्या होत्या, आणि घरातल्या मोठ्यांसमोरही त्या पाहता येत.

कॅम्पातल्या गोवेकर ख्रिस्ती घरांत आणि सेंट पॉल्ससारख्या (स्थापना 1856) जुन्या इंग्रजी शाळांत पाश्चात्त्य गाणी आधीपासून होती. मराठी आणि कन्नड माध्यमाच्या मुलांना ती एकाच वेळी, एकाच केबलने भेटली, आणि दोघांनाही शब्द सारखेच कळत नव्हते. ही बरोबरी फार मोलाची होती. 1 नोव्हेंबरला इथे एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी भाषक काळा दिन पाळतात. 1996 मध्ये नेमक्या त्याच तारखेला मायकल जॅक्सनचा कार्यक्रम मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. बेळगावपासून मुंबई आणि बंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. त्यामुळे पोस्टर, मासिके आणि कॅसेट दोन्हीकडून येत, गोव्याहूनही येत. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मराठी मुलगा गिटार आणि कन्नड मुलगा ड्रम घेऊन एकच इंग्रजी गाणे म्हणत उभे राहिले, तर त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मराठीचा हक्क मागणाऱ्या घरातलीच ही मुले होती. गाण्यासाठी त्यांना तो हक्क सोडावा लागला नाही.

हिंदी पॉपने हा परीघ वाढवला. अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ (1995), लकी अली यांचे ‘ओ सनम’ (1996), युफोरियाचे ‘धूम पिचक धूम’ (1998) ही नावे सगळ्यांच्या तोंडी असतात. ‘मेड इन इंडिया’त मराठी मिलिंद सोमण दिसला याचा इथल्या घरांना अभिमान वाटे. मराठीत असे काही कमी होते. अल्फा मराठी वाहिनी 1999 मध्ये आली, ई टीव्ही मराठी 2000 मध्ये. कन्नड उदया टीव्ही त्याआधीच, 1994 पासून होते. अवधूत गुप्ते यांनी संगीत दिलेले आणि वैशाली सामंत यांनी गायलेले ‘ऐका दाजिबा’ गाजले, तेव्हा आपल्या भाषेतला चकचकीत व्हिडिओ पाहिल्याचा आनंद वेगळाच होता. ते गाणे पुढे लग्नाच्या वरातींत आणि गणपतीच्या डॉल्बीवरही वाजले.

ही ओढ वयाच्या याच टप्प्यातल्या गाण्यांना का चिकटते, याचा अभ्यास झालेला आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात सर्वांत जास्त आठवतात. हॉलब्रूक आणि शिंडलर यांच्या 1989 च्या अभ्यासात, माणसे ज्या गाण्यांना सर्वाधिक पसंती देतात ती त्यांच्या विशीच्या पूर्वार्धातली, सरासरी चोविसाव्या वर्षाच्या आसपासची निघाली. क्रुमहान्सल आणि झुपनिक यांना 2013 मध्ये असेही आढळले की तरुणांना आपल्या आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटतात. बेळगावात आज कॉलेजात जाणारी पोरे बापाच्या गाण्यांवर गिटार शिकतात, त्याचा उलगडा यातून काही अंशी होतो.

यूट्यूब 2005 मध्ये आले आणि वाट पाहणे संपले. ‘नोव्हेंबर रेन’ने 2018 मध्ये तिथे शंभर कोटी प्रेक्षणांचा टप्पा ओलांडला, 1990 च्या दशकातल्या व्हिडिओंपैकी हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला. चित्र आता स्वच्छ, आवाज उत्तम. तरीही या पिढीतले अनेकजण कुणीतरी टीव्हीवरून टेप करून चढवलेल्या धूसर प्रती शोधतात, कारण कोपऱ्यातला चॅनलचा शिक्का, मधली जाहिरात आणि निवेदकाचे बोलणे त्यांच्यात आहे. स्थानिक केबलवर गाण्यांखाली सरकणाऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दुकानांच्या जाहिराती मोठ्या कंपन्यांच्या संग्रहात असण्याचे कारणच नाही. त्या असल्या तर घरगुती व्हीएचएस टेपांवर, माळ्यावर पडलेल्या. आपल्याकडच्या पावसात त्या टेपांना बुरशी लागते आणि चालणारे व्हीसीआर दुर्मीळ होत आहेत, म्हणून ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनी त्या लवकर डिजिटल करून घ्याव्यात.